फोटो त्यानेच पाठवला, मग तक्रार कुणाविरुद्ध?

एका आईचं पत्र, थोडं आखडतं करून:

"मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. दोन आठवड्यांपूर्वी एका मुलीच्या नावाच्या अकाउंटवरून त्याला रिक्वेस्ट आली. चार दिवस गप्पा झाल्या. मग तिने 'माझा' म्हणून एक फोटो पाठवला आणि याच्याकडे तसाच मागितला. याने पाठवला. दहा मिनिटांत भाषाच बदलली. याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला आणि पैसे मागितले. याने माझ्या फोनवरून यूपीआयने आधी दोन हजार, नंतर साडेतीन हजार पाठवले. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा माझ्यापुढे येऊन रडला. पैसे थांबल्यावर त्यांनी फोटो वर्गातल्या एका मुलाला पाठवला, त्याने आणखी दोघातिघांना दाखवला. शाळेत वर्गशिक्षिकांना सांगितलं तर म्हणाल्या, दहावीचं वर्ष आहे, वाच्यता नको. ह्यांचंही तेच. पोलिसांत गेलो तर मुलाचं नाव होईल, शिवाय फोटो तर त्यानेच काढून पाठवला, उलट त्यालाच पकडतील. माझ्या भावाने पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि ओळखीचे एक हवालदार व एक वकील यांना पाठवला. ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियाची बंदी केली म्हणे. आपल्याकडे असा काही कायदा आहे की नाही? नाव छापू नका."

ताई,

तुमच्या घरातलं सगळं "फोटो त्यानेच पाठवला" या एका वाक्यापाशी अडलं आहे, म्हणून आधी तेच घेते.

या प्रकरणात तुमचा मुलगा पीडित आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यात, अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक, मग मुलगी असो की मुलगा. (पोक्सो म्हणजे मुलींचा कायदा, हा गैरसमज पोलीस ठाण्यातल्या बाकावर भेटतो, तसा कधी कधी टेबलापलीकडेही भेटतो.) अठराच्या आतल्याने हो म्हटलं, स्वतः कॅमेरा सुरू केला, स्वतः फोटो पाठवला, म्हणून समोरच्याचा गुन्हा पुसला जात नाही. मुलाला अश्लील हेतूने तसलं चित्र दाखवणं, अशा कामासाठी त्याला भुलवणं, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सारखा त्याच्या मागे लागणं, त्याच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्र वापरण्याची धमकी देणं, हे सगळं पोक्सोच्या कलम ११ मध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही सांगितलेल्या चार दिवसांत यातलं बहुतेक सगळं घडून गेलं. पुढचं कलम १३ मुलाचा अश्लील सामग्रीसाठी वापर करण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कलम १४ खाली किमान पाच वर्षांची कैद आहे. त्याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहे. मुलांचं असं चित्र तयार करणं, गोळा करणं, पाठवणं तर त्यात येतंच, पण मुलांना ऑनलाइन जवळीक दाखवून लैंगिक कृतीकडे ओढणं हाही त्यात वेगळा गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. खंडणी आणि धमकी यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं आहेतच.

'खरं किंवा बनावट' हे शब्द इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावेत. चेहरा तुमच्या मुलीचा आणि बाकीचं अंग एआयने जोडलेलं, असा फोटो घेऊन हल्ली धमक्या येतात आणि घरचे म्हणतात, "खोटाच आहे, तक्रार कसली?" धमकी खऱ्या चित्राची असो की बनवलेल्या, कलम ११ ला त्याने फरक पडत नाही. अस्सल मुलाच्या चित्रापासून वेगळं ओळखता न येणारं संगणकावर बनवलेलं चित्रही २०१९ पासून कायद्याच्या व्याख्येत आहे.

आता तुमच्या ह्यांच्या शंकेतला खरा भाग. स्वतःचाच फोटो काढलेल्या मुलाला या कलमांतून सूट आहे, असं वाक्य कायद्यात शब्दशः नाही. माझ्या मते ते असायला हवं होतं. पण कायद्याचा रोख कुठे आहे ते बघा. गुन्ह्याची खबर दिली नाही म्हणून मोठ्यांना शिक्षा आहे, बालकाला नाही. तक्रारीत काही खोटं निघालं तरी बालकाला शिक्षा नाही. आणि फूस कोणी लावली, आधी चित्र कोणी पाठवलं, धमकी कोणी दिली, हे सगळं त्या चॅटमध्ये तारीखवार पडलेलं आहे.

म्हणूनच ते चॅट उडवू देऊ नका. लाजेपायी मुलं सगळ्यात आधी तेच करतात, अकाउंटच डिलीट करतात आणि स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच्या हाताने घालवतात. चॅट जसंच्या तसं राहू द्या. त्या अकाउंटचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, नंबर दिसत असेल तर नंबर, पैसे मागितलेले मेसेज, यूपीआय आयडी, या सगळ्याचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. मग ॲपमध्येच त्या अकाउंटची तक्रार नोंदवा आणि त्यानंतर ब्लॉक करा. उत्तर एकही देऊ नका. "प्लीज, माझी परीक्षा आहे," अशी गयावया केलेली मी बऱ्याच चॅटमध्ये वाचली आहे. पलीकडचा माणूस एकाच वेळी कितीतरी मुलांशी तीच ठरलेली वाक्यं बोलत असतो. उत्तर आलं की हा अजून हाताशी आहे एवढंच त्याला कळतं, आणि पैसे आले की अजून निघतील हे कळतं.

स्क्रीनशॉट घेताना तो मूळ फोटो मात्र त्यात येऊ देऊ नका. इथून तुमच्या भावाचा विषय सुरू होतो.

भाऊ मायेपोटीच धावला, पण त्याने जे केलं ते धोक्याचं आहे. अल्पवयीन मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी, नुसतं डाउनलोड करून बघणं गुन्हा नाही, असं म्हटलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि सांगितलं की अशी सामग्री जवळ ठेवणाऱ्याने ती नष्टही केली नाही आणि कळवलीही नाही, तर त्यावरून त्याचा हेतू काय होता हे ताडता येतं. कायद्यात अपवाद आहे, अधिकाऱ्यांना कळवण्यासाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून. पण ओळखीच्या हवालदाराच्या खासगी व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे रीतसर कळवणं नव्हे. ज्यांना तो पाठवला त्यांच्या गॅलरीत तो आपोआप उतरला असेल, बॅकअपला लागला असेल. अशा चित्रामुळे क्लाऊडचं अख्खं खातं बंद पडू शकतं, ते वेगळंच.

भावाला सांगा, आता कुणालाही पाठवू नको. तक्रार देताना, आपण घाबरून हा फोटो अमुक दोघांना पाठवला होता, हे स्वतःहून लिहून द्यायचं आणि पोलिसांना विचारून स्वतःच्या मोबाइलमधली, बॅकअपमधली आणि रिसायकल बिनमधली प्रत काढून टाकायची. त्या दोघांनाही तेच कळवायचं. मूळ फोटो मुलाच्या फोनमध्ये आहे, तपासाला तो पुरतो. वकिलाला चित्र बघायची गरज नसते. मला तर कुणी पाठवलं तर मी न उघडता परत फोन करते.

तक्रार करायची की नाही हा प्रश्न तुमच्या घरात चर्चेला आहे. कायद्याने तो चर्चेला ठेवलेलाच नाही. पोक्सोचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटली, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. हे कलम शोभेचं आहे असं कुणाला वाटत असेल तर २०२२ मधलं महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराची माहिती असून कळवली नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातलीचा आदेशच बाजूला सारला आणि खबर न देणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

म्हणजे तुमच्या मुलाच्या बाईंना ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी त्यांच्यावरही ही जबाबदारी आली. त्यांना कोर्टात खेचा असं मी म्हणत नाही. बहुतेक शिक्षकांना हे कलम माहीतच नसतं आणि "वाच्यता नको" हे त्यांना मुलाच्या भल्याचंच वाटतं. मुख्याध्यापकांना भेटा, तोंडी बोला आणि निघताना एक लेखी अर्ज द्या. त्यात तीनच गोष्टी पुरतात: तारीख, शाळेला कधी व कुणामार्फत कळवलं, आणि "पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पुढील कार्यवाही व्हावी." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का मारायची वेळ आली की शाळांचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

पोलिसांत जाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक कायद्यात कमी आणि ठाण्याच्या दारात जास्त अडखळतात.

पहिली अडखळण अशी. तुम्ही सांगायला सुरुवात कराल, "मुलाचे साडेपाच हजार गेले," आणि समोरचा अंमलदार ऑनलाइन फसवणूक म्हणून लिहायला घेईल. पैसे गेल्याच्या तक्रारींचा तिथे रोज ढीग असतो, तुमची त्यातच जाऊन पडेल. किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून, "बघतो" म्हणून पाठवतील. म्हणून सुरुवात पैशांपासून करू नका. पहिलं वाक्य हे असू द्या: "माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. दि. अमुक रोजी रात्री अमुक वाजण्याच्या सुमारास अमुक युजरनेमवरून अनोळखी व्यक्तीने त्याला अश्लील फोटो पाठवून त्याच्याकडून तसा फोटो मिळवला, तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे घेतले आणि नंतर तो त्याच्या वर्गमित्राला पाठवला." पैशांचा तपशील त्याच्या खाली. शेवटी जन्मदाखल्याची प्रत. वय कागदावर आलं की पोक्सो आलाच पाहिजे. एफआयआरमध्ये पोक्सो आणि ६७ब ही दोन्ही कलमं लागली आहेत का, हे सही करण्याआधी वाचून बघा. ६७ब दखलपात्र आहे, त्याची बोळवण एनसीवर होऊ शकत नाही. त्याचा तपासही पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. "हे आमच्या हद्दीत येत नाही, सायबरला जा" असं म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच हे आलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

पोक्सोचं कलम लागण्याचा मी इतका आग्रह का धरते? शिक्षा वाढते हे झालंच. पण ह्यांना ज्याची भीती आहे त्यावरचा सगळा इलाज त्याच कलमांना चिकटून येतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नको. आई-वडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस समोर हवं. रात्री त्याला कोणत्याही कारणाने ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. समिती सपोर्ट पर्सन नेमून देऊ शकते, तो तपासापासून निकालापर्यंत तुमच्या बरोबर असतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. खटला बंद दाराआड चालतो, आणि साक्ष देताना आरोपी मुलाच्या डोळ्यांसमोर येणार नाही ही काळजी कोर्टाने घ्यायची असते.

आणि नाव. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाचा तपशील, त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणाऱ्या माध्यमाला कलम २३ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. एरवी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतात, पण डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोक्सोच्या एफआयआर सार्वजनिक करायच्या नाहीत. आता मला सांगा, आज ते नाव कुठून कुठे जातंय? वर्गातून वर्गात. तक्रार न केल्यामुळे ते थांबलेलं नाही.

एक खरी गैरसोय सांगून ठेवते, नंतर चिडू नका. मुलाचा फोन पोलीस तपासासाठी ताब्यात घेतील आणि तो लवकर परत येईलच असं नाही. त्यातली अभ्यासाची कागदपत्रं, क्लासचे नंबर आधीच उतरवून घ्या. जप्त केल्याची पावती घ्या.

पैशांसाठी १९३०. हा नंबर आर्थिक सायबर गुन्ह्यांचा आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात. दोन आठवड्यांनंतर ते मिळतील अशी मोठी आशा मी दाखवणार नाही, तरी फोन करा, कारण ज्या खात्यात पैसे गेले तो या गुन्ह्यातला सगळ्यात पक्का धागा असतो. यूपीआयच्या इतिहासात दोन्ही व्यवहारांचा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो जवळ ठेवा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, नाव न देताही तिथे कळवता येतं. पण पोर्टलवर तक्रार टाकली म्हणजे एफआयआर झाला असं समजू नका.

फोटो इंटरनेटवरून काढायचं काम पोलिसांची वाट न बघता आजच करता येतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीच अशा चित्रांसाठी २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आणली आहे. ज्याचं चित्र आहे त्याने किंवा त्याच्या वतीने कुणी तक्रार केली की कंपनीने त्या वेळात ते हटवायचं. प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचा ईमेल ॲपच्या मदत विभागात सापडतो. दुसरा मार्ग 'टेक इट डाऊन' नावाच्या मोफत सेवेचा. अमेरिकेतलं हरवलेल्या व शोषित मुलांचं राष्ट्रीय केंद्र २०२३ पासून ती चालवतं, वापरता कुठूनही येते. मुलाने स्वतःच्या फोनवरून फोटो निवडायचा. फोटो फोनमधून बाहेर जातच नाही, त्याची फक्त आकड्यांची खूण तयार होते. सहभागी कंपन्या त्या खुणेवरून आपल्याकडचं ते चित्र शोधून काढतात. याला मर्यादा आहे. व्हॉट्सॲपसारख्या बंद गप्पांमध्ये ही खूण पोचत नाही. पण उघड्या प्रोफाइलवर तो फोटो पुन्हा पुन्हा वर येण्याची धास्ती बरीच कमी होते. फोन पोलिसांकडे देण्याआधीच हे करून घ्या.

वर्गातल्या त्या मुलाबद्दल. त्याला फोटो न मागता आला, त्यात त्याचा दोष नाही. इतरांना दाखवला, त्यात आहे. तोही पंधरा-सोळाचाच असणार, म्हणजे त्याच्या बाबतीत बाल न्याय कायदा २०१५ लागतो, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि त्याचंही नाव बाहेर येऊ द्यायचं नसतं. तुमचा राग मला समजतो. तरी त्याच्या घरी जाऊन तमाशा करू नका, वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर तर अवाक्षर लिहू नका. दोन ओळींच्या मेसेजने बाकीच्या पन्नास घरांना आयतं कळतं. मुख्याध्यापकांनी त्याच्या आई-वडिलांना बोलावून फोटो कुणाकुणाकडे आहे ते विचारावं आणि ते पोलिसांना सांगावं, एवढं पुरे.

"तो सापडेल का?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. खातं भारतातलं असेल तर शक्यता बरी असते. बहुतेकदा ते कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं खातं निघतं, पण तोही माणूस साखळीतलाच. परदेशातून चालणाऱ्या टोळ्या असतील तर काम अवघड आणि सावकाश. पण अशक्य नाही. अमेरिकेत सतरा वर्षांच्या एका मुलाने अशाच छळात जीव दिला, त्या प्रकरणात नायजेरियातल्या दोन भावांना तिथून आणून २०२४ मध्ये साडेसतरा-साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. शिवाय अमेरिकी कंपन्यांना अशी सामग्री आढळली की 'टेक इट डाऊन' चालवणाऱ्या त्याच केंद्राला कळवणं बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या करारानुसार त्यातली भारताशी संबंधित माहिती आपल्या यंत्रणेकडे येते. म्हणजे त्या अकाउंटबद्दल तुमच्या आधी कुणी कळवलेलं असूही शकतं. तुमची तक्रार अशा नोंदीला जोडली जाते तेव्हा दोघांचंही वजन वाढतं.

त्या मुलाचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. पुढचे काही आठवडे तुमच्या मुलाला रात्री एकटं झोपवू नका. जेवण सुटलंय का, एकदम गप्प झालाय का, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी भाषा येतेय का, लक्ष ठेवा. तसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मुलांसाठी १०९८ आहे, दोन्हीकडे दिवसरात्र माणूस बोलायला असतो. ह्यांना माझा निरोप सांगा: "तुला अक्कल नव्हती का?" हे वाक्य निदान निकाल लागेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. मुलगा पुन्हा काही लपवेल तर त्याच वाक्याच्या भीतीने.

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात. तिथला कायदा २०२४ मध्ये झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना ठरावीक समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. मेसेजिंगची आणि गेमिंगची ॲप्स त्यातून बाहेर आहेत, आणि मुलांना गाठणारी मंडळी तिथेही असतातच. आपल्याकडे बंदीचा असा देशव्यापी कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण त्याचा रोख माहितीच्या वापरावर आहे, शोषणावर नाही. वयाची अट मला वाईट वाटत नाही. मात्र तुमच्या मुलाच्या बाबतीत कायदा कमी पडला असं मी म्हणणार नाही. २०१२ पासून जो आहे तो अजून वापरलाच गेलेला नाही, तुमच्या घरी नाही आणि त्याच्या शाळेतही नाही.

नवा फोन द्यायचा की नाही, हे परीक्षा झाल्यावर ठरवा, पण शिक्षा म्हणून काढून घेऊ नका आणि तसं त्याला आत्ताच सांगा. जबाबाची तारीख पूर्वपरीक्षेच्या दिवशी आली तर वेळापत्रकाची प्रत जोडून तपास अधिकाऱ्यांकडे दुसरी तारीख मागा, मागायला संकोच करू नका. मुख्याध्यापकांच्या अर्जाची आणि एफआयआरची एक-एक प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि समितीकडून सपोर्ट पर्सन मिळाला की ती फाइल पहिल्याच भेटीत त्याला दाखवा.